विक्रमच्या घरची पाहुणी

माघाच्या सुरुवातीला शिक्रापुरात धुकं असं पडतं, की हायवेवरचे ट्रक दिसत नाहीत, नुसते त्यांचे दिवे येताना दिसतात. उसाच्या ट्रॉल्यांचं तसं नसतं. त्यांची गाणी आधी येतात, मग ट्रॉली येते आणि मग बराच वेळ ती संपतच नाही. त्या सोमवारी गौतमी ओव्हाळनं पाळणाघराच्या कुलपाला हात लावला, तर बोटं चिकटतात का काय असं वाटलं, इतकं ते गार झालं होतं.

दोन खोल्या. बाहेरची मोठी, आतली बारकी. तिनं सतरंज्या दारात नेऊन झटकल्या, फरशी फिनेलनं पुसली, चौदा वाट्या आणि चौदा पेले घासून पालथे घातले. प्रत्येक पोराच्या नॅपकिनाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ होती. गाठी बघून नॅपकिन खिळ्यांना अडकवले. मग दोन्ही खिडक्या आतनं गच्च लावून फटींत वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबल्या. पोरं शाळेतनं दमून येतात, गारठायला नकोत. सगळं उरकल्यावर कमरेवर हात ठेवून तिनं खोलीकडं बघितलं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

गौतमीचं माहेर दौंड तालुक्यातलं यवत, सासर तळेगाव ढमढेरे, पण बिऱ्हाड शिक्रापुरात. लग्नानंतर तीन वर्षं ती एका कंपनीत पॅकिंगला उभी राहिली. पोरगं वर्षाचं झालं आणि ते उभं राहणं सुटलं. मग शेजारणीची दोन पोरं शाळा सुटल्यावर तिच्याकडं बसायला लागली. दोनाची पाच झाली, पाचाची चौदा. सगळ्यांचे आईबाप कंपनीत, आजा-आजी गावाकडं. शाळा दोनला सुटणार आणि कंपनीची बस सहाला येणार. मधले चार तास गौतमीचे. सासूबाई ताईबाई म्हणायच्या, "लोक शेरडं पाळत्यात, हिनं लोकांची पोरं पाळल्यात."

मदतीला ललिता होती. गौतमीच्याच यवतची, पुढच्या गल्लीत खोली करून राहणारी, चोवीस वर्षांची, तोंडाची फटकळ. तिची सात महिन्यांची पोरगी तिच्याबरोबरच यायची. पोरीचं नाव राजनंदिनी. ताईबाई एकदा म्हणाल्या होत्या, "नाव राजनंदिनी आन् झोळी जुन्या साडीची."

"मग राजाच्या लेकीला काय पत्र्याची बांधत्यात व्हय आजी?" ललिता म्हणाली होती.

ही झोळी आधी आतल्या खोलीत होती. पोरांच्या शिंका-खोकल्यापासनं लांब असू दे, असं ललिताचं म्हणणं. पण आतली खोली उत्तरेची, ओल धरणारी. गौतमीनं थंडी पडल्यावर झोळी बाहेरच्या खोलीत घेतली. "तिथं कुडकुडती गं लेकरू. हितं पोरांची ऊब हाय."

पोरं आली की गौतमी दारातच उलटा हात कपाळाला लावायची. ताप? जुलाब? अंगावर काय उठलंय? पोरानं मुंडी हलवली की आत. सोमवारी सहा वर्षांचा विक्रम आला, तो डोळे लाल आणि नाक वाहत असलेला.

"डोळं कशानं लाल रं?"

"आजी चुलीवर पाणी तापवती. धूर."

कपाळ गार होतं. गौतमीनं त्याला आत घेतलं. विक्रमला झोळीला झोका द्यायचा भारी नाद. त्या दुपारी अभ्यास सोडून तो झोळीपाशीच बसला. झोका देता देता खोकायचा, खोकला की झोळीत वाकून बघायचा, पोरगी जागी झाली का म्हणून. गौतमीनं दोनदा त्याचं नाक पुसलं आणि नॅपकिन धुवून वाळत घातला.

मंगळवारी चारच्या सुमाराला विक्रमची आजी पुतळाबाई दारात आली. पाटसकडची, बागायतदार घरातली म्हातारी. लेक-सून कंपनीत म्हणून पोरापाशी येऊन राहिलेली. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"विक्रम आता येणार न्हाई बाई. आमच्याकडं पाहुणी आलीया."

"आली तर येऊ द्या की मावशी. पाहुणीचं आन् पोराचं काय वाकडं?"

पुतळाबाईनं जरा चमकून बघितलं. "तसं न्हाई. ती हाय तवर पोरगं घराभायेर काढायचं न्हाई."

"किती दिस ऱ्हाणार?"

"पाच दिस तर ऱ्हातीच. सातव्या दिवशी न्हाऊ घालायचं आन् वाटं लावायची."

"लई लाडाची दिसती. गोडधोड करा मग."

"गोड न्हाई चालत तिला, थंड लागतं. दहीभात." म्हातारीचा आवाज खाली आला. "आन् तुमच्या दारातल्या लिंबाचा एक डहाळा द्या की. माझा हात पुरत न्हाई."

गौतमीनं स्टूल आणलं, त्यावर चढून कडुलिंबाचा चांगला पाल्यानं भरलेला डहाळा मोडला आणि म्हातारीच्या हातात दिला. धान्याच्या डब्यात घालायला हवा असेल. म्हातारी डहाळा पदराखाली धरून, कुणी मागनं हाक मारील अशा घाईनं गेली.

आतनं ललिता म्हणाली, "माघाच्या थंडीत दहीभात खाणारी कोणची ओ पाहुणी?"

"असंल बया कोणतरी. आपल्याला काय वाढायचंय?"

दोघी हसल्या. बुधवारी सकाळी ललिता पोरीला घेऊन माहेरी यवतला गेली. भावाचा साखरपुडा गुरुवारी होता.

बुधवारी दिवस मावळायला ताईबाई पाळणाघराच्या पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. पोरं नुकतीच गेली होती. ताईबाईंनी लिंबाकडं बघितलं.

"डहाळा कुणी वरबाडला गं? पार सालपटं निघाल्यात."

गौतमीनं मंगळवारची गोष्ट हसत हसत सांगितली. पाहुणी, पाच दिवस, दहीभात. ताईबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आन् सातव्या दिवशी न्हाऊ घालायचं म्हणली?"

"व्हय. तुमच्या वळखीची हाय का काय, आत्या?"

"अगं पोरी, ती बाईमाणूस न्हाई. अंगावर येती ती. गोवराला पाहुणी म्हणत्यात त्यांच्यात. नाव घेत न्हाईत. मी खुरपायला जायाची बागायतदारांच्या रानात, तवा ऐकलंया."

गौतमी उभी होती ती खाली बसली.

हा शब्द तिला माहीत नसण्याला कारण होतं. यवतला तिचे आजोबा, म्हाळू आबा, यांनी घरात एक नेम घालून दिला होता. रोगाला रोग म्हणायचं. देवी आली, बाई आली, पाहुणी आली, असलं काही या घरात बोलायचं नाही. बाबासाहेबांचा फोटो लावलाय त्या भिंतीखाली तर नाहीच. आबा म्हणायचे, "पाहुणी म्हणलं की पाया पडावं लागतं. रोग म्हणलं की दवाखान्यात जाता येतं." ते बरोबरच होतं. पण आबांना हे शहाणपण फुकट मिळालं नव्हतं. गौतमीच्या पाठचा भाऊ तीन वर्षांचा असताना गोवरानंच गेला होता. शेजारच्या बायकांनी आईला चार दिवस दवाखान्याला जाऊ दिलं नव्हतं. पाहुणी बसलीय, उठवू नको म्हणून. त्यानंतर आबांनी ते शब्दच घराबाहेर काढले. इतके बाहेर काढले, की नात ते शब्द ऐकायलाच विसरली. स्वतःच्या हातानं डहाळा मोडून देऊन बसली.

तिच्या डोळ्यांसमोर आता एकच गोष्ट होती. झोळीत वाकलेलं, खोकणारं विक्रमचं तोंड.

तिनं आशा वर्कर कुशाबाईंना फोन लावला. कुशाबाई पन्नाशीच्या, गावातल्या प्रत्येक पोराची लस तोंडपाठ असणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्यात सगळ्यात बारकं कोण?"

"ललिताची. सात महिन्यांची."

कुशाबाईंनी तिकडं टीव्ही बंद केला.

"गोवराची लस नऊ महिन्यांला देत्यात," कुशाबाई म्हणाल्या. "त्या लेकराच्या अंगात काय सुदीक न्हाई."

"दूध पिती की आईचं."

"दुधानं गोवर अडत न्हाई, गौतमी. एवढ्या बारक्याला झाला तर छातीत उतरतो. चल, मी येते. आधी त्या पोराला बघू."

विक्रमच्या खोलीच्या चौकटीला डहाळा बांधला होता. गौतमीला तो आपला डहाळा बघवला नाही. आत अंधार केलेला. विक्रम गोधडीत पडला होता. कानामागं, गालांवर, मानेवर बारीक लाल पुरळ. कुशाबाईंनी मोबाईलचा उजेड धरला आणि बंद केला.

"गोवर," त्या म्हणाल्या.

"नाव नका घेऊ," पुतळाबाई हात जोडून म्हणाली. "कोपती. आन् मी बाई तुम्हाला दारात येऊन सांगितलं हुतं की. लपवून न्हाई ठेवलं."

"सांगितलं हुतं मावशी," गौतमी म्हणाली. "मलाच कळलं न्हाई."

"तुमच्यात पाळत न्हाईत व्हय हे?"

"न्हाई पाळत."

विक्रमची आई सीमा कंपनीच्या ड्रेसमध्येच भिंतीला टेकून उभी होती. ती खालमानेनं बोलली. "ताई, रविवारपसनं ताप हुता त्याला. सोमवारी सिरप पाजून पाठवला. सुट्टी मागितली तर सुपरवायझर तोंड वाकडं करतो. वाटलं, सर्दीच असंल."

गौतमीच्या तोंडात शिवी आली होती. कपाळ गार का लागलं ते आता कळलं. पण कंपनीत उभं राहून गौतमीनंही एकदा आपल्या पोराला असंच पाजून शेजारी ठेवलं होतं. तिनं शिवी गिळली.

"मावशी, तुम्ही तुमचं पाळा, मी काय म्हणत न्हाई," ती पुतळाबाईला म्हणाली. "पर सकाळी पोराला दवाखान्यात न्या. ह्यात डोळं जात्यात. त्याचं औषध असतं, दोन दिवस पाजायचं. डहाळा ऱ्हाऊ द्या बांधलेला."

म्हातारी नातवाकडं बघत राहिली. "डोळं जात्यात?" तिनं सुनेला विचारलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज सुनेपुढं खाली आला.

घरी येऊन गौतमीनं ललिताला फोन लावला. लागला, पण मागं बायकांचा गलका आणि स्पीकर. "ताई, उद्या रात्री येते की," एवढंच ललिता ओरडली आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही. फोनवर असलं काही सांगून ललिताच मांडवात कोसळली तर?

गुरुवारी सकाळी आठला ती सरकारी दवाखान्याच्या पायरीवर होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला थोड्या. त्यांनी तारखा कागदावर लिहून घेतल्या.

"मुलगा सोमवारी किती वाजेपर्यंत होता?"

"दोन ते सहा."

"संपर्क झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली तर आजार थांबण्याची शक्यता असते. म्हणजे आज दुपारीच. उशिरात उशिरा सहाच्या आत. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला अशा वेळी एक जादा डोस देता येतो. मी वरिष्ठांना विचारते. बाळ कुठंय?"

"यवतला."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. गौतमीनंही बघितलं.

वरिष्ठांचा फोन लागायला दीड तास गेला. परवानगी आली. डॉक्टरीणबाईंनी यवतच्या डॉक्टरांना कळवलं, वर चिठ्ठीही लिहून दिली. "इथं आणत बसू नका, तिथंच द्या. आणि चौदाच्या चौदा मुलांची लशीची कार्डं मागवा. ज्यांचा डोस राहिलाय त्यांना आजच पाठवा. दोन्ही डोस झालेल्यांना सोमवारपासून घ्या, बाकीची एकवीस दिवस घरी. खिडक्या असतात ना खोलीला?"

"हायत."

"उघड्या असतात?"

"थंडी म्हणून लावल्या हुत्या."

"उघडा. फिनेलनं गोवर जात नाही. तो हवेत असतो. तुम्हाला लहानपणी झाला होता का?"

"झाला हुता. मला आन् माझ्या भावाला एकदमच."

"मग तुम्हाला आता होणार नाही."

गौतमीनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

तिच्या स्वतःच्या पोराचे दोन्ही डोस कधीच झाले होते. दवाखान्याच्या दारात उभं राहून तिनं पालकांचा ग्रुप उघडला. 'ताप आहे' असं लिहिलं आणि पुसलं. सगळं बंद पडेल. चौदा पोरं पांगतील, पुन्हा कोण पाठवील? सहा वर्षं लागली होती हे उभं करायला. मग तिनं लिहिलं : सोमवारी आपल्याकडं आलेल्या एका मुलाला गोवर झालाय. मला कळायला दोन दिवस उशीर झाला, चूक माझी आहे. कार्ड घेऊन आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जावा. विक्रमचं नाव लिहिलं नाही.

उत्तरं धडाधड आली. एकीनं लिहिलं, एवढं घासता-पुसता म्हणून सांगता आणि हे काय? एकानं लिहिलं, दीदी, खसरा है क्या? हमारा कार्ड तो गाँव में है. एकीनं नुसते हात जोडले. गौतमीनं खसरावाल्याला उत्तर दिलं, हां भैया, खसरा. बच्ची को अभी ले जाओ, कार्ड नहीं तो भी. आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

ललिताचा फोन सकाळपासनं लागत नव्हता. नवरा सम्राट कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, तो तिकडं अडकलेला. ती शिक्रापूरहून जीपनं न्हावऱ्याला आणि तिथनं चौफुल्याच्या एसटीनं निघाली. न्हावऱ्यालाच एक वाजून गेला होता. पारगावच्या अलीकडं रस्त्यावर उसाची ट्रॉली कलंडली होती. पुढं वाहनांची रांग, एसटी इंजिन बंद करून उभी. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसला.

"मामा, किती वेळ लागंल?" गौतमीनं खिडकीतनं विचारलं.

"ऊस भरूस्तवर. घाईय व्हय?"

"सहाच्या आत लेकराला टोचायचंय."

"कुणाच्या?"

"माझ्याकडं कामाला असती तिच्या."

ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं, तंबाखू तोंडात न टाकता मुठीत धरली आणि पुढं जाऊन ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घातली. एका बाजूनं मोळ्या ओढून वाट झाली. एसटीची डावी बाजू मोळ्यांना घासत गेली. पण यात पाऊण तास गेला होता. गौतमी सीटच्या दांडीला धरून बसली होती. सहाला किती मिनिटं उरली ते ती सारखी मोजत होती.

यवतला मांडवात ती शिरली तेव्हा साडेतीन वाजले होते. पंगत चालू होती. ललिताची आई भागुबाई हातात पळी घेऊनच पुढं आली. "आलीस व्हय. बस, ताट वाढते."

"काकी, ललिता कुठंय?"

ललिता घरात पोरीला पाजत होती. नवी साडी, गजरा. गौतमीनं दार लोटून घेतलं आणि थेट सांगितलं. फिरवून सांगायला वेळ नव्हता.

ललिताचं तोंड आधी कोरं झालं. मग तिनं पोरीला इतकं घट्ट धरलं, की पोरगी रडायला लागली. "मी म्हणलं हुतं झोळी आत ऱ्हाऊ द्या. म्हणलं हुतं का न्हाई?"

"म्हणली हुतीस."

"तुम्हाला ऊब पायजे हुती."

"व्हय. माझंच चुकलं. मला पायजे तेवढं बोल, पर रिक्षात बसून बोल. सहाच्या आत जायचंय."

भागुबाई दारात आली होती, तिनं ऐकलं होतं. "थांबा. कार्डावर नऊ महिने लिवलंय. चांगल्या लेकराला आधीच टोचून ताप आणायचा? आन् नवरीकडची माणसं बसल्यात भायेर. काय झालंय तिला? हसती-खेळती पोर हाय."

"आत्ता हसती. झाला तर धा-बारा दिसांनी कळंल काकी, तवा टोचून उपेग न्हाई."

"तुझं काय, तू लोकाची पोरं सांभाळती. लोकाच्या पोराला काय झालं तर..." भागुबाई थांबली.

गौतमी हळू बोलली. "काकी, तुम्ही माझ्या भावाला बघितलंय. म्हाळू आबाच्या नातवाला."

भागुबाईच्या हातातली पळी खाली आली. ती त्याच आळीतली, त्याच विहिरीवर पाणी भरलेली.

"बघितलंय," ती म्हणाली. "तुझ्या आईला दवाखान्यात जाऊ नको म्हणणाऱ्यांत मी बी हुते गं." तिनं पळी कोनाड्यात ठेवली, खुंटीवरचा टॉवेल ओढून पोरीच्या डोक्याला गुंडाळला. "रिक्षा न्हाई मिळायची आता. म्हादूचा टेम्पो हाय दारात. मी येते संगं."

नवरीकडची माणसं बसून राहिली. नवरदेवाची आई, बहीण आणि गौतमी, तिघी टेम्पोच्या हौद्यात उभ्या होत्या, आणि बहिणीच्या गजऱ्याची फुलं रस्ताभर सांडत होती.

दवाखान्यात नर्सनं कार्ड बघून मान हलवली. सात महिने. गौतमीनं चिठ्ठी पुढं केली. नर्स चिठ्ठी घेऊन आत गेली. डॉक्टर बाळंतपणात होते. भिंतीवर घड्याळ होतं, पण बंद पडलेलं. गौतमी मोबाईल काढायची, बघायची, ठेवायची. ललिता तिच्याकडनं तोंड फिरवून बसली होती. पोरगी मात्र गौतमीच्या गळ्यातल्या मण्यांकडं हात करत होती. ललितानं ते दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा पोरीला तिच्याकडं दिलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर आले. चिठ्ठी वाचली. "फोन आला होता त्यांचा. द्या." पाच वीसला सुई लागली. पोरगी एक श्वास अडवून धरून मग रडली. तिघी बायका तिच्या रडण्याकडं गाणं ऐकावं तशा बघत राहिल्या.

"लक्षात ठेवा," नर्स म्हणाली, "लशीनंसुद्धा सात ते बारा दिवसांत ताप येऊ शकतो. आणि लस दिली म्हणजे गोवर होणारच नाही असंही नाही. बघत राहायचं."

मग सुरू झालं ते बघत राहणं. ललिता घरी राहिली. पाळणाघरात सोमवारपासनं नऊच पोरं आली. खिडक्या सताड उघड्या, पोरं स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली. गौतमी कुणी खोकलं की हातातलं काम टाकून कानामागं बघायची. पोरांना त्याची सवय झाली, ती आपणहून कान पुढं करायची. विक्रमच्या आजीनं त्याला औषध पाजलं, दोन्ही दिवस, स्वतः नेऊन. त्याचे डोळे निवळले. अकराव्या दिवशी खसरावाल्यांच्या पोरीला पुरळ उठलं. लस मिळाली होती म्हणून की काय, हलकंच उठलं, पण गौतमी त्या दिवशी जेवली नाही. म्हणजे गोवर त्या खोलीत होता. सोमवारी त्या हवेत होता.

बाराव्या दिवशी दुपारी ललिताचा फोन आला. "ताई, तापली."

गौतमी पोरं ताईबाईंवर सोडून धावत गेली. पोरगी मांडीवर मलूल पडली होती. काखेत थर्मामीटर, एकशे एक. ललितानं हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "लशीचा असंल न्हाई का? नर्स म्हणली हुती."

"असंल."

"का त्यो असंल?"

गौतमीनं मोबाईलच्या उजेडात कानामागं बघितलं. काही नव्हतं. डोळे पांढरे होते. नाक कोरडं. पण विक्रमचंही आधी असंच असेल, कुणी बघितलं होतं? कुशाबाई आल्या. त्यांनीही तेच बघितलं आणि तेच सांगितलं, बघत राहायचं. खोकला लागला, दूध सोडलं, दम लागला तर क्षणभर थांबायचं नाही. सम्राटनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मोटारसायकल ललिताच्या दारात लावून ठेवली. पोरगी दर दोन तासांनी दूध ओढत होती. प्रत्येक वेळी ललिता गौतमीला फोन करून सांगायची, "पिली." गौतमी म्हणायची, "बरं." आणि पुढच्या दोन तासांना लागायची.

दोन दिवसांनी ताप उतरला. पुरळ आलं नाही. तरीही कुशाबाई म्हणाल्या, "एकवीस दिस भरू दे. तवर मी तोंडानं बोलत न्हाई."

एकविसावा दिवस सोमवारी आला. त्या दुपारी बाराला कुशाबाई ललिताकडं जाऊन पोरीला उघडी करून नखशिखांत बघणार होत्या. गौतमीनं फोन ओट्यावर नजरेसमोर ठेवला होता. पोरं दोनला येणार, पोह्यांचा बेत होता. कांदा अर्धा चिरून झाला आणि फोन वाजला. ललिता होती.

"ताई, कुशाबाई बोलत्यात, घ्या."

"झालं गं," कुशाबाई म्हणाल्या. "अंग निर्मळ हाय. मघाधरनं माझ्या पिशवीची चेन ओढत बसलीया. उद्यापसनं तिच्या आईला कामावर घे, घरात बसून माझं डोकं खाती."

मागनं ललिता म्हणाली, "झोळी मी आत बांधणार हाय, सांगा त्यांना."

"आत बांध," गौतमी म्हणाली. "आतली खिडकी बी मी उघडून ठेवते."

फोन बंद झाल्यावर ती ओट्याला धरून थोडी उभी राहिली. ताईबाईंनी दारातनं विचारलं, "काय म्हणली?" "अंग निर्मळ हाय म्हणत्यात," गौतमी म्हणाली. ताईबाईंनी पदरानं तोंड पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "पोहे भिजवलेस का? लई येळ ऱ्हायलं तर गिच्चा हुतील."

"न्हाई, आता भिजवते," गौतमी म्हणाली. तिनं पोहे चाळणीत घेतले, नळाखाली एकदा फिरवून निथळत ठेवले आणि मिरची चिरायला घेतली. मोठे मोठे तुकडे करत होती, पोरांना वेचून काढता येतील असे.